चिमणी उड, म्हैस उड

रोवणीच्या दिवसांत तुमसर तालुक्यातल्या आंबागडसारख्या धानाच्या गावात आया सकाळीच बांधीत उतरतात. तीन-चार वर्षांची पोरं मग आजीच्या नाहीतर अंगणवाडीच्या हवाली. अशा पोरांना रमवायला ‘चिमणी उड’ हा खेळ हुकमी. चिमणी उड, कावळा उड... म्हैस उड! बोट वर गेलं की पोर फसलं.

मानसशास्त्रज्ञही जवळपास हेच मोजतात. ‘डोक्याला हात लावा’ म्हटलं की पायाला लावायचा, अशी त्यांची एक चाचणी आहे. नियम लक्षात ठेवायचा, उचललेला हात आवरायचा, नियम बदलला की आपणही बदलायचं. मेंदूच्या पुढच्या भागाची ही कामं तीन ते पाच या वयात झपाट्याने सुधारतात. पहिलीच्या बाई जिला शिस्त म्हणतात, ती बरीचशी हीच.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा माग संशोधक अजून काढताहेत. लहानपणी ज्यांना स्वतःला आवरणं जड गेलं, त्यांच्यात शाळा अर्धवट सोडणारे, कोवळ्या वयात सिगारेट ओढणारे जास्त निघाले. अर्थात हे विधिलिखित नव्हे. पुढे ज्यांचा संयम वाढला, त्यांचं आयुष्यही अपेक्षेपेक्षा बरं गेलं. तेव्हा पाच वर्षांच्या पोरावर ‘वांड’ असा शिक्का मारायची घाई कशाला?

त्यातून भाषेचा प्रश्न. शब्द हाताशी असलेलं मूल खेळणं मागतं, नसलेलं हिसकावतं. पूर्व विदर्भात अनेक घरांत झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी, आणि शाळेत पुस्तकी मराठी. सूचनाच न कळलेलं मूल बाईंना ‘ऐकत नाही’ असं वाटलं, तर दोष मुलाचा नाही.

मग हे शब्द आणि हा संयम शाळेआधी शिकवायचा कुठे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. खेळ आणि गप्पा हाच तिथला अभ्यास. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारी अंगणवाडी आली. पण आहार, वजनं आणि नोंदी यांतच सेविकेचा दिवस सरतो, गोष्ट सांगायची कधी? तमिळनाडूत काही अंगणवाड्यांना निव्वळ शिकवण्यासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती देऊन पाहिली. मुलांचं गणित आणि भाषा सुधारली. शिवाय मूळ सेविकेला सवड मिळाली आणि तीव्र कुपोषणही घटलं.