रेंज आहे, स्पीड नाही

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं 'डेटावन' आणि एमटीएनएलचं 'ट्रायबँड' सुरू झालं, तेव्हा घरचं नेट रेंगाळलं तर दोष कुणाचा यावर वाद नसे. २५६ केबीपीएसचा वेग, टेलिफोनची तांब्याची तार आणि पावसाळ्यात लाइनवर खरखर. तक्रार एक्स्चेंजकडे जायची आणि बहुतेकदा ती योग्य ठिकाणीच गेलेली असायची. त्याच महिन्यात वाय-फायसाठीचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा देशात विनापरवाना खुला झाला. पण घरातल्या वाय-फायची तेव्हा परीक्षाच होत नव्हती. कागदोपत्री ५४ एमबीपीएसचा राउटर, त्याच्या मागे पाव एमबीपीएसची लाइन. भिंतींनी नव्वद टक्के वेग खाल्ला तरी कुणाला पत्ता लागत नसे.

फायबर आलं आणि भिंती उघड्या पडल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरचा सर्वांत खालचा प्लॅनच १०० एमबीपीएसचा होता. गल्लीतले केबलवालेही तोवर फायबर ओढू लागले होते. (सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, हे मात्र २०२३ साली ठरलं. व्याख्यांना घाई नसते.) मग मार्च २०२०चा लॉकडाउन उजाडला. हॉलमध्ये शाळा आणि आतल्या बेडरूममध्ये ऑफिस भरू लागलं. राउटरचा डबा दारापाशी, कारण फायबरची तार तिथूनच आत येते. मीटिंग मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला. लोकांनी आधी सॉकेटमध्ये खोचायचे रिपीटर आणले. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसू लागल्या, व्हिडिओ अडकायचा तो अडकतच राहिला. मग मेश आलं: एकमेकांशी बोलणारे दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वाय-फाय.

मेश जन्माने अमेरिकन. २०१६च्या फेब्रुवारीत ईरो, आणि वर्ष संपायच्या आत ऑर्बी आणि गूगल वायफाय. खोक्यांवर लिहिलेले चौरस फुटांचे आकडे लाकडी सांगाडा आणि जिप्सम बोर्डाच्या घरांत खरे ठरत असतील. आपल्याकडे जुन्या घरांत जाडजूड विटांच्या भिंती, आणि मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरांत त्याहून कठीण प्रकरण: मिवान. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती नि स्लॅब एकत्र ओतायचे. आतल्या खोल्यांच्या भिंतीसुद्धा सळयांसकट काँक्रीटच्या. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा दोन भिंतींपलीकडे जेमतेम पोचते. ब्रोशरमध्ये हे कुणी लिहीत नाही.

या काळातली सर्वांत टिकाऊ गैरसमजूत म्हणजे दुसरा डबा जिथे नेट येत नाही तिथे ठेवायचा. तिथे मुख्य डब्याची लहर पोचतच नसेल, तर तो पुढे वाटणार काय? त्याची जागा अधेमधे, जिथे लहर अजून धड आहे तिथे. फोनवरच्या काड्या फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं नातं दाखवतात. त्या डब्याचं मुख्य डब्याशी कसं चाललंय, हे त्या सांगत नाहीत. शिवाय दोनच पट्ट्यांच्या स्वस्त मेशमध्ये डबा ज्या पट्ट्यावर मुख्य डब्याकडून घेतो, त्याच पट्ट्यावर फोनला देतो. एका टप्प्यात वेग निम्मा होतो, तिसरा डबा साखळीत लावला तर आणखी निम्मा. ऑर्बीने डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी तिसरा पट्टा राखून ठेवला होता तो याचसाठी. एवढं समजायला अनेक घरांना दोन-तीन वर्षं लागली. तोवर प्लॅन वाढवणं चालू होतं: १००चा २००, २००चा ३००.

तपासाची रीत हळूहळू रुळली. आधी लॅपटॉप तारेने मुख्य डब्याला जोडून वेग बघायचा, मग त्याच डब्याशेजारी वाय-फायवर, मग दुसऱ्या डब्याला टेकून. वेग ज्या पायरीवर पडतो, तिथे दुखणं. पहिल्याच पायरीवर पडला तर कंपनीला खुशाल फोन करावा.

गंमत म्हणजे बिनतारी मेशचा उतारा अखेर तारच ठरला. दोन डब्यांमध्ये लॅनची केबल टाकली की डब्यांच्या आपसातल्या बोलण्याचं ओझं हवेवरून उतरतं. तिथेही एक खुबी आहे. ३००चा प्लॅन असून आकडा ९४च्या आसपास गोठला, तर समजावं की वायरमनने केबलच्या आठांपैकी चारच तारा जोडल्यात, किंवा मधल्या एखाद्या डब्याचं पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे. मला हा ९४चा आकडा फार आवडतो. इतका स्पष्ट कबुलीजबाब कुठलंच यंत्र देत नाही.

वाय-फाय ६ २०१९ साली आलं, ७ची प्रमाणपत्रं २०२४च्या जानेवारीपासून मिळू लागली. अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झचा पट्टा २०२० मध्येच खुला केला होता. आपल्याकडे त्याच्या खालच्या भागासाठीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. पट्टा ऐसपैस आहे, गर्दी नाही. पण लहर जितकी वरची तितकी ती भिंतीपाशी जास्त अडते, आणि मिवानची भिंत ५ गिगाहर्ट्झलाच दाद देत नाही. घराचं काम निघालंच असेल तर हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत केबलसाठी एक रिकामा पाइप टाकून घ्यावा. त्याचा खर्च तिसऱ्या डब्यापेक्षा कमी येतो.