बॅटरीला पाणी घातलंत का?

कोहिनूर, बसवकल्याण, भालकी, आमच्या भागात बऱ्याच घरी जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी दिसते. लाईट गेली की मुलांचा अभ्यास तिच्याच भरवशावर. 'प्लगला लावलीय ना, मग भरलेलीच असणार,' असा मात्र सर्वांचा समज.

बारा व्होल्टची बॅटरी भरली की चांगला इन्व्हर्टर साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर थांबतो आणि जेवढं झिरपतं तेवढंच भरतो. साधा चार्जर मात्र रेटतच राहतो. मग आतलं पाणी वायू होऊन उडतं, प्लेटा उघड्या पडतात. आम्ल उडत नाही, म्हणून वरून घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. आम्ल नको, बोअरचं क्षारी पाणी तर नकोच. आमच्याकडच्या आज्या महिन्याला विचारतात, 'ब्याटरिगे नीरु हाकिदिरा?' कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा मला त्यांचाच भरवसा वाटतो.

खरा घात होतो उन्हाळ्याच्या सुट्टीत. गावाला जाताना लोक मेन स्विच पाडतात, इन्व्हर्टर तसाच चालू. त्याला वाटतं, लाईट गेली! विसरलेला एखादा दिवाही बॅटरी बसवायला पुरतो. तशी रिकामी महिनाभर पडली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. पुढे कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी चालत नाही. त्यापेक्षा पाणी भरून, दिवे-पंखे बंद करून इन्व्हर्टरचा प्लग चालू ठेवून जावं. मेन बंदच करायचा असेल तर आधी बॅटरी पूर्ण भरू द्यावी, मग इन्व्हर्टरही बंद करावा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जिन्याखालच्या त्या कोपऱ्यात हवा खेळती असावी आणि दिवा-उदबत्ती तिथे लावू नये.