सरड्याचा आहार आणि विष्ठा
नांदेड-लातूरकडील बांधांवर व कुंपणांवर दिसणारा कॅलोटिस व्हर्सिकलर हा सरडा आणि ऑस्ट्रेलियात मूळ असलेला, हौसेने पाळला जाणारा ‘बिअर्डेड ड्रॅगन’ हे दोन्ही अगॅमिडी कुलातील होत. दोहोंच्या विष्ठेतील काळसर भाग अन्नशेषाचा, तर पांढरा यूरिक आम्लाचा असतो. नत्रयुक्त उत्सर्ग घनरूपात टाकल्याने पाण्याची बचत होते. पांढरा भाग पिवळट व कठीण झाल्यास प्राण्याला पाणी अपुरे पडत असल्याचा संशय घ्यावा. ड्रॅगन लहानपणी मुख्यत्वे कीटक व प्रौढपणी बहुतांशी पाला खातो. तेव्हा पाल्याबरोबर विष्ठेस आलेला ओलसरपणा व हिरवट छटा हे रोगाचेच लक्षण मानणे घाईचे ठरेल.

मराठवाड्यातील सरडा मात्र प्रामुख्याने कीटकभक्षक आहे. कायटिन फारसे पचत नसल्यामुळे त्याच्या विष्ठेत मुंग्यांची डोकी व भुंगेऱ्यांची कठीण पंखावरणे ओळखता येतात. प्राण्यास न मारता आहार जाणण्याचा हा मार्ग मोलाचा खरा. पण तुरीवरील घाटेअळीसारख्या मऊ भक्ष्याचा कठीण डोक्याचा तुकडाच काय तो मागे उरतो. अवशेषांची नुसती मोजदाद केल्यास मुंग्यांचा वाटा फुगतो आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असा अळ्यांचा वाटा हिशेबातून निसटतो.