संखार आणि समाधी

पालीतील 'संखार' आणि मराठीतील 'संस्कार' हे शब्द एकाच मुळाचे. मराठीत मात्र या शब्दाला विधींचा वास लागला. मूळ अर्थ साधा आहे : एकत्र आणून करणे, रचणे. जे रचले गेले ते 'संखत'. कुंभाराचे मडके संखत, कवीची गाथा संखत. आपला राग आणि आपली भीती, हीही संखतच.

मज्झिम निकायातील चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना थेरी विसाख उपासकास तीन संखार समजावून देतात. श्वास-प्रश्वास हा कायसंखार, वितक्क व विचार हा वचीसंखार, सञ्ञा व वेदना हा चित्तसंखार. यांतील दुसरा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मनुष्य आधी मनात योजतो, घोळवतो आणि मगच बोलतो. म्हणून वितक्क-विचार हीच वाणीची रचना होय. भाषण करणाऱ्यास किंवा गीत लिहिणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. (एका भिक्खुणीने दिलेल्या या उत्तरांना तथागतांनी पूर्ण मान्यता दिली, हेही विसरू नये.)

आनापानसतीत निववावयाचा तो हाच कायसंखार. तेथे श्वास कोंडावयाचा नसतो. सतिपट्ठान सुत्तात साधकास उपमा दिली आहे ती काताऱ्याची. लाकूड कातताना ओढ लांब की आखूड, हे कुशल कातारी जाणत असतो; साधकही आपला श्वास तसाच जाणतो. शांत होऊ पाहणाऱ्या मनुष्याला कारागिराच्या शेजारी बसविणारी ही उपमा मला फार मोलाची वाटते.

'समाधी' म्हणताच मराठी मनापुढे थडगे किंवा देहत्याग उभा राहतो. परंतु शब्दाचा अर्थ आहे नीट एकत्र ठेवणे. रोजच्या वापरातील 'समाधान' त्याच धातूपासून आले आहे. सामञ्ञफल सुत्तात पहिल्या झानासाठी स्नान घालणाऱ्या सेवकाचा दृष्टांत येतो. काशाच्या ताटातील स्नानचूर्णावर तो पाणी शिंपडत जातो, मळतो आणि सैल भुकटीचा गोळा करतो. ओलावा आतबाहेर भिनतो, पण गळत नाही. या पहिल्या झानात वितक्क-विचार असतातच. ते शमतात दुसऱ्यात. तेव्हा ध्यान म्हणजे मन रिकामे करणे, हे शिबिरांतून ऐकू येणारे विधान पालीला धरून नाही.

ध्यानाने चळवळ थंडावते, अशी शंका आपले कार्यकर्ते घेतात. ती उडवून लावण्याजोगी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचा विचार केला आहे. झान नीवरणांना काही काळच थोपविते; सम्मासमाधी मात्र एकाग्र मनाला कुशल कर्माचा विचार करण्याचे वळण लावते, असा भेद त्यांनी केला. म्हणजे जुनी रचना शमवून नवी रचना करणे आलेच. अत्याचाराची बातमी ऐकून निवेदन लिहावयास बसलेला कार्यकर्ता आधी श्वास निववतो, तेव्हा त्याचा निषेध नाहीसा होत नाही. वितक्क-विचार जुळून येतात आणि गाव, तारीख, कायद्याचे कलम कागदावर जागच्या जागी पडते.