सुईची भागीदारी आणि समूहशिक्षण

मादक द्रव्ये सुईने टोचून घेणाऱ्यांमध्ये एच.आय.व्ही.चा प्रसार कसा होतो, ही गोष्ट आता अज्ञात राहिलेली नाही. वापरलेल्या सिरिंजमध्ये रक्ताचा जो अल्पसा अंश उरतो, त्यातून विषाणू दुसऱ्याच्या रक्तात थेट प्रवेश करतो. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ह्या वर्गातील संसर्गाचे प्रमाण शेकडा ६.२६ आढळले, सर्वसाधारण प्रौढांमधील त्या वर्षीचा अंदाज शेकडा सुमारे ०.२२ इतकाच होता. प्रश्न आहे तो ज्ञान असूनही आचरण का बदलत नाही, हा.

ह्याचे उत्तर व्यक्तीच्या अज्ञानात शोधणे व्यर्थ होय. दोघांतिघांनी पैसे एकत्र करून द्रव्य विकत घ्यावयाचे, एकाच चमच्यात ते विरघळवावयाचे आणि एकाच सिरिंजने वाटून घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. द्रव्य न मिळाल्याने शरीराला सुटणारा कंप आणि वेदना विचाराला अवसर देत नाहीत. जवळ सिरिंज सापडली तर पोलीस धरतील, ही धास्तीही असतेच. शिवाय सोबत्याची सुई नाकारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असा समज मंडळींत रूढ असतो. जे कृत्य समूहात घडते त्याचा नियमही समूहानेच बदलावा लागतो. एकट्याला गाठून केलेला उपदेश म्हणूनच निष्फळ ठरतो.

समूहशिक्षणाची बैठक ह्याच जाणिवेवर उभी असते. आठदहा जण, त्यांच्यापैकीच प्रशिक्षित झालेला एक शिक्षक, आणि औपचारिक व्याख्यानाऐवजी प्रात्यक्षिक. एका सिरिंजमधील रंगीत पाणी सामाईक वाटीत सोडले की उरलेल्या सर्व सिरिंजा रंगतात. आपण सुई वेगळी वापरतो म्हणून निर्धास्त असलेल्याला वाटी, कापूस व पाणी ह्यांची भागीदारीही घातक आहे, हे तेव्हा डोळ्यांना दिसते. मुंबईच्या बोलीत 'गर्दुल्ला' हा शब्द जवळजवळ शिवीच आहे. तो ऐकण्याची सवय झालेल्या माणसाला येथे इतरांना शिकविण्याचा अधिकार मिळतो, हा लाभ गौण मानता येणार नाही.

तथापि अशा शिक्षणाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. अमेरिकेतील पाच शहरांत १५ ते ३० वर्षे वयाच्या व्यक्तींवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा बैठकांच्या शिक्षणाची तुलना चित्रफिती दाखवून केलेल्या चर्चेशी करण्यात आली. सहा महिन्यांनंतर शिक्षण घेतलेल्या गटात धोक्याच्या वर्तनात २९ टक्के अधिक घट दिसली. नव्या संसर्गांच्या प्रमाणात मात्र फरक सिद्ध झाला नाही. वर्तन सुधारणे आणि संसर्ग थांबणे ह्या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर आहे. निर्जंतुक सुई वापरावी असे शिकवून ती हाती दिली नाही, तर ते शिक्षण पोकळच म्हणावे लागेल.

मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या संकल्प पुनर्वसन न्यासाने रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनग्रस्तांमध्ये काम करताना शिक्षणाला सुई-सिरिंजच्या वाटपाची आणि ब्युप्रेनॉर्फिनच्या पर्यायी उपचाराची जोड दिली, ती ह्याच कारणाने. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने सेवन हा गुन्हा ठरत असल्याने अशा वाटपाला कायद्याचे संरक्षण आवश्यक होते. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्सविषयक अधिनियमाच्या २२ व्या कलमाने ते दिले आणि १० सप्टेंबर २०१८ पासून ते अंमलात आले. पोलीस चौकीपर्यंत ह्या कलमाची माहिती पोहोचविणे, हेही एक प्रकारचे समूहशिक्षणच होय.

ही पद्धती रस्त्यावरील ठिकाणे गृहीत धरते, हे मात्र विसरता येत नाही. मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या सदनिकांच्या वसाहतीत, कुटुंबात राहून गुप्तपणे सुई घेणारी एखादी व्यक्ती असेल, तर ती कोणत्याही अड्ड्यावर आढळणार नाही. त्यातच मुंबईचे एड्स नियंत्रणकार्य स्वतंत्र संस्थेकडे, तर ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या मीरा-भाईंदरचे राज्याच्या संस्थेकडे आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सामान्यतः केंद्रात रोज समक्ष घ्यावी लागते. नोकरी सांभाळून, घरच्यांना न कळता, दहिसरच्या अलीकडे किंवा पलीकडे ते कोठे शक्य होईल, ह्यावर तिची बैठकीतील उपस्थितीही अवलंबून राहते.