परसातला निशिगंध

श्रावण सरत आला की आमच्या परसात दिवेलागणीला निशिगंध उमलू लागतो. छडीवरच्या कळ्या खालून वर, रोज दोन-चार अशा क्रमाने उघडतात. अंधार दाटू लागला की वासही दाट होतो. रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्याची त्याची ही रीत आहे. फूल मूळचे मेक्सिकोचे. पण आपण त्याला निशिगंध, गुलछडी, रजनीगंधा अशी नावे दिली, आणि आता त्याला परके म्हणवत नाही.

हा वाफा माझ्या वडिलांचा. अण्णा ऐन तारुण्यात बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात सतार वाजवीत. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे त्यांनी शिकवण्यांवर संसार केला. मी त्यांना पन्नाशी उलटल्यावर झालेला मुलगा. संध्याकाळी झाडांना पाणी घालून झाले की ते वाफ्याजवळच्या ओट्यावर सतार घेऊन बसत. त्यामुळे यमन आणि निशिगंध या दोन गोष्टी मला आजही वेगळ्या काढता येत नाहीत.

अण्णा गेल्यावर त्या वाफ्याला कुदळ लावायची नाही, असे मी ठरवून टाकले. त्यांनी लावले तसेच राहावे, ही भावना. पाणी आणि शेणखत मात्र वेळेवर घालीत होतो. पहिल्या वर्षी पंधरा-वीस छड्या आल्या, दुसऱ्या वर्षी सात आणि चौथ्या वर्षी नुसती गवतासारखी दाट पात! शेवटी शेजारी कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या माळीकाकांना बोलावले. त्यांनी पात बाजूला सारून बोटाने माती उकरली आणि म्हणाले, “मास्तर, एका कंदाला एकदाच फूल येते. पुढची फुले त्याच्या पिल्लांची. तुम्ही आईला नि पिल्लांना एकाच मुठीत धरून ठेवलेत. त्यांनी वाढायचे कुठे?”

मी गप्प झालो. सोळाव्या वर्षी अण्णांनी मला स्वतःपासून तोडून दुसऱ्या गुरूंकडे शिकायला पाठविले होते. तेव्हा मी त्यांच्यावर रुसलो होतो. ते जे जाणत होते, ते मला या वाफ्याशी उमगले.

माळीकाकांनी सांगितलेली रीत वाचकांच्या उपयोगी पडेल. थंडीच्या अखेरीस पात पिवळी पडली की पाणी तोडावे. माती सुकल्यावर गड्डा अलगद काढावा, पिल्ले सुटी करावीत आणि महिनाभर सावलीत, वारा लागेल अशी पसरून ठेवावीत. ही विश्रांती टाळू नये. दीड सेंटिमीटरहून जाड कंद त्याच वर्षी फुलतात. बारीक असतील ते वेगळ्या वाफ्यात एक वर्ष पोसावे लागतात. चैत्रात सहा तास तरी ऊन मिळेल अशा जागी दोन इंच खोल आणि आठ इंच अंतराने लावावेत. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाळू व कुजलेले शेणखत मिसळून वाफा उंच करावा. साचलेल्या पाण्याने कंद सडतो. लावल्यापासून तीन महिन्यांच्या सुमारास छडी दिसू लागते. वासासाठी एकेरी जात घ्यावी. दुहेरी फूल भरदार, पण त्याला सुगंध कमी. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने एकेरी आणि दुहेरी यांच्या संकरातून ‘शृंगार’ ही जात काढली आहे, तीही चांगली येते.

त्या वर्षी आमच्या चार हातांच्या वाफ्यातून दोन टोपल्या कंद निघाले. एवढे ठेवायचे कुठे? शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती पाच-पाच दिले. माझी सर्वांत तयारीची विद्यार्थिनी त्याच सुमारास दुसऱ्या गावी, दुसऱ्या गुरूंकडे जाऊ म्हणत होती. दोन महिने मी तिला होकार देत नव्हतो. तिलाही पाच कंद दिले, आणि होकारही दिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला. नदीकाठच्या आमच्या वस्तीत पाणी शिरले, ते ओसरले तेव्हा परसात वीतभर चिखल होता. वाफ्यातले कंद हाताने दाबले की लोण्यासारखे फुटत. अण्णांच्या हातचे म्हणून जपलेले सारे संपले, असे समजून मी ती जागा तशीच सोडून दिली.

पुढच्या चैत्रात एक विद्यार्थी कागदाच्या पुडीत सात कंद घेऊन आला. “मास्तर, तुमच्याच कंदांची पिल्ले.” मग दुसरा आला, तिसरा आला. दुसऱ्या गावाहून टपालाने एक डबा आला; त्यात भुशात गुंडाळलेले अकरा कंद होते. हट्टाने सगळे माझ्याच परसात ठेवले असते, तर आज एकही उरला नसता.

ज्यांच्या परसात वडीलधाऱ्यांच्या हातचा जुना गड्डा असेल, त्यांनी थंडी सरताना कुदळ घ्यावी आणि निम्मे कंद वाटून टाकावेत.