लॅपटॉपची रॅम डेस्कटॉपला चालेल का?

लॅपटॉप बंद पडला की त्यातली रॅम काढून घरच्या डेस्कटॉपला लावावी, असं मनात येतंच. खुलताबादेतून नवीन आणायची म्हणजे दौलताबादचा घाट उतरून संभाजीनगर गाठायचं. शिवाय चांगली रॅम भंगारात जाऊ नये, हेही खरंच.

आधी मापाची अडचण. डेस्कटॉपची स्टिक सुमारे 133 मिलिमीटर लांब, लॅपटॉपची साधारण 68; त्यामुळे ती थेट बसत नाही. तिला डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसवणारे अडॅप्टर मिळतात, पण रॅम आणि बोर्ड यांच्यात आणखी एक सांधा येतो. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा ऑल-इन-वन किंवा मिनी पीसी कुणाकडे असेल तर तो पाहावा. दिसायला डेस्कटॉप, पण आत बहुधा लॅपटॉपचीच रॅम लागते.

मग पिढी. डीडीआर3, डीडीआर4, डीडीआर5 एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर4 आणि डीडीआर5 दोघींनाही 288 पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका. ती खाच त्यासाठीच आहे.

खाचेला न कळणारी गोष्ट लेबलवर असते. ‘पीसी3’ म्हणजे 1.5 व्होल्ट, ‘पीसी3एल’ म्हणजे 1.35. ‘एल’वाली सहसा 1.5 व्होल्टच्या स्लॉटमध्येही चालते. उलट केलं तर लॅपटॉप सुरूच न होण्याची शक्यता. पुढे 12800 सारख्या आकड्याला चिकटून एक अक्षर येतं: ‘यू’ असेल तर साध्या डेस्कटॉपची, ‘एस’ असेल तर लॅपटॉपची, ‘आर’ असेल तर सर्व्हरची. ऑनलाइन फार स्वस्त दिसणारी डीडीआर3 किंवा डीडीआर4 पुष्कळदा ही ‘आर’वाली असते. ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये नीट बसते, पण साधा मदरबोर्ड तिच्यावर सुरू होत नाही. घेण्याआधी लेबलचा फोटो मागवाच.

दोन स्टिकचा वेग जुळला नाही तरी बिघडत नाही. दोन्ही स्टिक कमी वेगाने चालतात. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती निघत नाही.

बसवताना वायर काढा, लॅपटॉपची बॅटरी सोडवा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. पिना धुळीने माखल्या असतील तर खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कण झटका. लॅपटॉपची स्टिक तिरपी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ करून बसतात. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट प्रोग्रॅम रात्रभर लावा. एक जरी एरर आली, तरी त्या मशीनवर महत्त्वाचं काम करू नका.